आक्काचा अण्णा कसा झाला

"उद्या संध्याकाळी या घरात एक लेखक राहायला येणार आहे," सीताराम वेखंडेंनी शुक्रवारी जेवता जेवता जाहीर केलं.

"किती दिवसांसाठी?" शालनताईंनी आमटी वाढत विचारलं. "वरच्या गाद्या काढाव्या लागतील."

"अगं, मीच."

"असं होय. मग भात घ्या."

सीताराम गेल्याच वर्षी मानपाड्याच्या एका रंगाच्या कारखान्यातून, स्टोअर सांभाळता सांभाळता, निवृत्त झाले होते. आपल्या हातात लेखणीची ताकद आहे हे त्यांना तेव्हापासून वाटत होतं. पुरावाही होता. कोपरच्या त्यांच्या सोसायटीत लिफ्ट बंद असल्याची सूचना त्यांनी फळ्यावर लिहिली, तेव्हा ती वाचून दोन बायका खाली बसून रडल्या होत्या. त्यातली एक पाचव्या मजल्यावर राहायची आणि दुसरी सहाव्या, एवढं मात्र ते सांगायचे नाहीत.

तर डोंबिवली पूर्वेला एका शाळेत साहित्य महोत्सव भरला होता. शनिवारी सकाळी सर्जनशील लेखनाची कार्यशाळा आणि दुपारी पुस्तक प्रकाशनाची. सीतारामांनी दोन्हींना नाव घातलं, नवीन पेन घेतलं आणि इस्त्रीचा झब्बा घालून सकाळी सातवी-ब च्या वर्गात जाऊन बसले. बसले म्हणजे अडकले. सातवीच्या बाकात साठीचा माणूस एकदा शिरला की त्याला विचारपूर्वकच बाहेर काढावं लागतं.

शिकवायला ठाण्याची मेघना नावाची लेखिका होती. तिशीतली, बारीक आवाजाची, पण डोळे असे की खोटं लिहिणाऱ्याचं पेन आपोआप थांबावं. तिनं सगळ्यांना आधी काहीही लिहायला सांगितलं. सीतारामांनी सूर्यास्त लिहिला, पानभर. मेघनानं तो वाचला आणि म्हणाली, "काका, यातली विशेषणं काढून टाकू या." तिनं एकेक खोडायला सुरुवात केली. शेवटी पानावर दोन शब्द उरले. 'सूर्य' आणि 'बुडाला'.

"हे छान आहे," मेघना म्हणाली. सीतारामांना ते तितकंसं पटलं नाही.

"आता तुमच्या ओळखीचं एक माणूस घ्या," ती पुढे म्हणाली. "ते काय करतं, काय बोलतं, तेवढंच लिहा. आणि जे लिहायला तुम्हाला भीती वाटते ना, तेच लिहा."

भीती म्हटल्यावर सीतारामांच्या डोळ्यांसमोर एकच चेहरा आला. आक्का.

आक्का म्हणजे हौसाबाई, सीतारामांची मोठी बहीण. आई गेली तेव्हा सीताराम दुसरीत होते. आक्काचं तेव्हा नुकतंच लग्न झालं होतं. तिनं सासरच्यांना विचारलं नाही, नुसतं सांगितलं, आणि भावाला खडवलीला घेऊन गेली. त्याला वाढवलं, शिकवलं, नोकरीला लावलं, त्याचं लग्नही तिनंच जमवलं. अजूनही आक्काचा फोन आला की सीताराम उभे राहून बोलायचे. आडवे असले तरी उठून उभे राहायचे.

ते लिहायला लागले आणि आयुष्यात पहिल्यांदा पेन आपलं आपण धावायला लागलं.

'आक्का घरात आली की थेट फ्रिजकडे जाते. चपला नंतर काढते. एकेक डबा उघडून वास घेते आणि विचारते, हे कधीचं? कुणी आजारपण सांगायला लागलं, तर तो आजार आक्काला आधीच होऊन गेलेला असतो आणि जास्त झालेला असतो. कुणी गोष्ट सांगत असेल तर शेवट आक्का सांगते. दवाखान्यात भेटायला गेली तर नर्सला सलाइनचा वेग कमी करायला लावते. मग पदर खोचून पेशंटच्या कपाटातले घडी केलेले कपडे पुन्हा घडी करते. ती गेल्यावर घरात सगळं जागच्या जागी असतं आणि आठवडाभर आम्हाला काहीही सापडत नाही. मग मी तिला फोन करतो. ती खडवलीत बसून सांगते, चष्मा पिठाच्या डब्यामागे आहे. तो तिथंच असतो.'

त्यांनी हे वाचून दाखवलं तेव्हा सातवी-ब खदखदून हसली. मेघनानं डोळे पुसले. "काका, हे आपण छापायचं."

दुपारी कल्याणचा कमलेश नावाचा तरुण प्रकाशक आला. पुस्तक कसं तयार होतं, संपादन कुठं संपतं आणि प्रूफ कुठं सुरू होतं, हे त्यानं समजावून सांगितलं. मग म्हणाला, "हे नुसतं सांगण्यात मजा नाही. सकाळच्या कार्यशाळेतल्या निवडक लेखांची आपण छोटी पुस्तिकाच काढू. आज मजकूर, रात्री छपाई, उद्या संध्याकाळी समारोपात प्रकाशन."

निवडलेल्यांत सीतारामांचं नाव पहिलं होतं. हा माणूस तिथल्या तिथं बाकातून सुटला, व्हरांड्यात आला आणि त्यानं घरच्या आणि सोसायटीच्या अशा दोन्ही ग्रुपवर संदेश टाकला. 'उद्या सायंकाळी पाच वाजता माझ्या पुस्तकाचे प्रकाशन. सर्वांनी यावे.' पुस्तक चाळीस पानांचं आणि त्यात आपली दोनच, हा तपशील आनंदाच्या भरात राहून गेला.

पाच मिनिटांत फोन वाजला. सीताराम ताठ उभे राहिले.

"सीत्या," आक्का म्हणाली, "तू पुस्तक काढलंस आणि मला सुनेच्या मोबाइलमधून कळतं?"

"आक्का, आत्ताच ठरलं गं."

"उद्या येते मी. जीप सांगितलीय. घरचे सगळे येतायत. मला पुढची खुर्ची ठेव, मागून ऐकू येत नाही."

फोन बंद झाला. सीताराम तसेच उभे होते. आपण काय लिहिलं, ते कुठं छापलं जाणार आणि पहिल्या रांगेत कोण बसणार, हे तिन्ही विचार त्यांच्या डोक्यात एकाच वेळी पोचले.

ते धावत कमलेशकडे गेले. "माझा लेख काढून टाका."

"काका, कव्हर गेलं छापायला. त्यावर तुमचं नाव आहे. आता काढणार कसं?"

"मग मी काय करू? माझी बहीण येतेय."

"जिच्यावर लिहिलंय ती?" मेघनानं विचारलं. सीतारामांनी नुसती मान हलवली. ती म्हणाली, "पात्र बदला काका. नाव बदला, गाव बदला. लेखक हेच करतात. प्रूफ संध्याकाळपर्यंत तुमच्या हातात आहे."

सीतारामांनी लाल पेन घेतलं. नुसतं नाव बदलून भागणार नव्हतं. आक्कानं पहिल्याच ओळीत स्वतःला ओळखलं असतं. तेव्हा त्यांनी धाडसी निर्णय घेतला. आक्काचा अण्णा करायचा.

मराठीत बाईचा पुरुष करणं किती कष्टाचं काम आहे, हे ज्यानं केलं त्यालाच ठाऊक. नाव बदललं की क्रियापद ओरडतं. 'येते'चं 'येतो' करा, 'विचारते'चं 'विचारतो', 'गेली'चं 'गेला'. एक 'ती' मारावी तर दुसऱ्या ओळीतून दोन 'तिला' डोकं वर काढतात. खडवलीचं त्यांनी नाशिक केलं. दिवस मावळेपर्यंत पानावर इतकं लाल झालं होतं की कमलेशनं ते दोन बोटांत धरून नेलं. सीताराम घरी गेले ते देवाला नमस्कार करून झोपलेच.

रविवारी शाळेच्या फाटकावर पहिला धक्का बसला. तिथं बॅनर लागला होता. सोसायटीचे अध्यक्ष काळुराम भोईर यांनी तो लावला होता. सीताराम राहत होते ती इमारत भोईरांच्याच जुन्या शेतजमिनीवर उभी होती, त्यामुळे तिथं राहणाऱ्या कुणाचंही काही चांगलं झालं की आपल्याच शेतात पीक आलं असं काळुरामना वाटायचं. बॅनरवर काळुराम मोठे होते, त्यांचे भाऊ मध्यम होते आणि कोपऱ्यात, कारखान्याच्या ओळखपत्रावरच्या फोटोत, 'थोर साहित्यिक सीतारामशेठ वेखंडे' घाबरून बघत होते.

पाठोपाठ जीप आली. तिच्यातून खडवलीचे लोक उतरतच राहिले. सगळ्यांत शेवटी हिरव्या लुगड्यातली आक्का उतरली, हातात शाल आणि नारळ. सीतारामांनी पाया पडायला वाकून वर पाहिलं, तोवर ती चहाच्या स्टॉलपाशी पोचली होती. तिनं ताटातला बटाटावडा उचलला, वास घेतला आणि स्टॉलवाल्याला विचारलं, "हे कधीचे?"

सीतारामांनी खांबाचा आधार घेतला.

शाळेच्या मैदानात प्रकाशन झालं, पुस्तिका वाटल्या गेल्या. काळुरामनी चाळून पाहिली. "वेखंडे, तुमचं दोनच पान हाय काय?"

"निवडक आहे," सीताराम पुटपुटले.

"निवडक म्हंजे भारीच आसल," काळुरामनी शेजाऱ्याला समजावलं.

सीतारामांना वाटलं, सुटलो. आक्काचा चष्मा घरी राहिला होता, ती काही आज वाचत नाही. तेवढ्यात मेघना माईकवर म्हणाली, "आता सीतारामकाका आपला लेख वाचून दाखवतील." तिच्या मनात काही नव्हतं. टाळ्या ऐकून तिला वाटलं, एवढे लोक यांच्यासाठी आलेत तर वाचू द्यावं.

वाचावं लागलं. 'अण्णा घरात आला की थेट फ्रिजकडे जातो.' मैदान हसलं. 'अण्णा विचारतो, हे कधीचं?' मैदान आणखी हसलं. शालनताईंनी तोंडाला रुमाल लावला. आक्का मात्र हसत नव्हती. पहिल्या रांगेत, दोन्ही हात गुडघ्यावर ठेवून, ती एकटक भावाकडे बघत होती. सीतारामांनी नजर कागदावरून उचलली नाही. ते दवाखान्यापर्यंत आले आणि पुढच्या ओळीत त्यांना छापलेलं दिसलं, 'मग पदर खोचून.' लाल पेनातून ते निसटलं होतं.

"मग," सीताराम म्हणाले आणि थांबले. "मग पायजमा खोचून," ते म्हणाले.

अण्णांनी पायजमा नेमका कुठं खोचला हे कुणालाच कळलं नाही, पण हशा इतका झाला की समोरच्या इमारतीतले लोक गॅलरीत आले. लेख कसाबसा संपला. टाळ्या वाजत असतानाच आक्का उठली, शाल घेऊन पायऱ्या चढून व्यासपीठावर आली आणि मेघनाच्या हातातून माईक घेतला.

"मी याची मोठी बहीण," ती म्हणाली. मैदान शांत झालं. "याला मी वाढवला. यात लिहिलंय ते शब्द न् शब्द खरं आहे."

सीतारामांनी डोळे मिटून घेतले.

"लहानपणापासून हा असाच आहे."

सीतारामांनी डोळे उघडले.

"माझ्याकडे आला की पहिला फ्रिज उघडतो. कुणाला बोलू देत नाही. दुसऱ्याच्या घरातल्या वस्तू हलवतो. शालनला विचारा." शालनताईंची मान इतक्या जोरात हलली की मागच्या खुर्चीपर्यंत वारा गेला. "पण स्वतःबद्दल एवढं खरं लिहायला काळीज लागतं. नाव बदललं म्हणून बहिणीला कळणार नाही होय?"

"मिटिंगमंदी पन तसाच," काळुराम खालून म्हणाले. "आपन बोलाला लागलो का हा शेवट सांगतो." सोसायटीच्या तीन रांगांनी दुजोरा दिला. पाचव्या मजल्यावरची बाई तर उभी राहिली.

"आक्का, अगं हे माझ्यावर..." सीताराम बोलायला गेले आणि जागीच थिजले. हे माझ्यावर नाही, असं म्हटलं असतं तर पुढचा प्रश्न अख्ख्या मैदानानं विचारला असता. शिवाय आपला हात मघापासून टेबलावरचा कपडा चारी बाजूंनी सारखा करतोय, हेही त्यांना तेव्हाच दिसलं. त्यांनी तो हळूच मागे घेतला.

"माझ्यावरच आहे," ते म्हणाले.

आक्कानं त्यांच्या खांद्यावर शाल घातली, ती तिरकी वाटली म्हणून काढून पुन्हा घातली. तिचे डोळे भरून आले होते. "आई असती तर पहिल्या रांगेत बसली असती," ती माईक बाजूला धरून म्हणाली, आणि सीतारामांनाही मग पुढचं काही नीट दिसेना.

मेघना एकदा भावाकडे आणि एकदा बहिणीकडे बघत होती. तिला सगळं ठाऊक होतं. तिनं चेहरा अगदी सरळ ठेवला. "काका, पुढच्या महिन्यात ठाण्याच्या आमच्या वाचनालयात एक व्याख्यान द्याल? विषय आहे, स्वतःला कसं ओळखावं."

"मी जरा विचार करून..." सीताराम म्हणाले.

"येईल तो," आक्का म्हणाली. "काय बोलायचं ते मी सांगेन त्याला."