धुराड्याची सुट्टी आणि लंकाबाईच्या कुरडया

"अगं, गुरवारी दिवसभर धुराडं बंद ऱ्हानार हाय. पन कुनापुढं बोलू नको," असं सहादेवाने बायकोला विश्वासात घेऊन सांगितलं, आणि चूक झाली ती इथेच.

सहादेव साखर कारखान्याच्या बॉयलरवर फोरमन होता. कारखाना बांधताना मोठ्या डोक्याच्या माणसांनी वारा बघून नकाशा काढला होता. साहेबांचे बंगले वाऱ्याच्या वरच्या अंगाला आणि कामगारांची वसाहत खालच्या अंगाला. त्यामुळे गाळप सुरू झालं की वसाहतीवर काजळी पडायची ती उन्हाळ्यापर्यंत. धुतलेलं धोतर करडं व्हायचं, दह्यावर तीळ पेरल्यासारखे दिसायचे. पापड-कुरडया करायच्या तर बायका माहेरी जायच्या. पण यंदा लंकाबाईला नेवाशाला माहेरी जायला सवड नव्हती. थोरल्या लेकीचं, मनकर्णाचं लग्न पंधरा दिवसांवर आलं होतं आणि रुखवतात कुरडया नसल्या तर विहीणबाई जन्मभर ऐकवणार होत्या. त्यातून १९७४ सालचा गहू. रेशनवर मिळायचा तो चिमूटभर. लंकाबाईने आठ महिने पोरांना ज्वारीवर ठेवून चार पायल्या गहू साठवला होता.

धुराडं बंद राहण्याचं कारण मोठं उदात्त होतं. सगळ्यात कमी धूर आणि कमी घाण करणाऱ्या कारखान्याला बक्षिसाची ढाल द्यायची, असं कुठल्याशा समितीने ठरवलं होतं. मॅनेजरसाहेब त्यासाठी मुंबईला दोन दिवसांच्या शिबिराला जाऊन आले. तिथे तज्ज्ञांनी सांगितलं, धुराड्याला काजळी धरणारं यंत्र बसवा, भट्टीत उसाचं चिपाड कोरडं घाला, गरम पाणी ओढ्यात न सोडता पुन्हा वापरा. सहादेव हेच तीन वर्षं सांगत होता, पण त्याच्या सांगण्याला शिबिराचा बिल्ला नव्हता. साहेबांनी सगळं टिपून घेतलं आणि यातलं काहीही न करता ढाल कशी मिळेल याचा विचार केला.

"बॉयलरसकट सगळी साफसफाई गुरुवारी घ्या," ते म्हणाले. "कारखानाच बंद, तर धूर कुठला आणि घाण पाणी कुठलं?"

एवढ्या अकलेच्या माणसाला कारखान्याने बंगला दिला होता, यात नवल नाही.

लंकाबाईने सोमवारी गहू भिजत घातला. कुरडईचा गहू दोन-तीन दिवस भिजतो आणि भिजताना असा आंबूस वास सोडतो की गुपित राहणं शक्यच नाही. मंगळवारी शेजारच्या आक्काबाईने भिंतीवरून विचारलं, "काय गं, कुरडया घालती व्हय? या काजळीत?" लंकाबाईने "कुनाला सांगू नको" असं बजावून खरं काय ते सांगितलं. बुधवारी साठच्या साठ घरांतून तोच वास येऊ लागला.

गुरुवारी उजाडताच वसाहतीत चीक शिजला. छपरांवर, बाजांवर, धुतलेल्या धोतरांवर पांढऱ्या कुरडया गोल गोल बसल्या. कैक वर्षांनी गाळपाच्या दिवसांत वसाहतीवर निळं आभाळ दिसलं होतं. बॉयलरच्या कट्ट्यावरून ते पाहताना सहादेवाला उगाच भरून आलं.

तेवढ्यात साहेबांना नवी शक्कल सुचली. चिपाडाच्या ढिगावरचा भुसा उडून पाहुण्यांच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून त्यांनी त्या ढिगावर पाण्याचा पाइप सोडला.

"सायेब, ह्ये वलं झालं तर उद्या जळायचं कसं?" सहादेव म्हणाला.

"उद्याचं उद्या बघू. समिती आज येतेय."

समिती दहाला येणार होती. दहाचे बारा झाले, बाराचे दोन झाले. नगरहून फोन आला की मंडळींचं जेवण चाललं आहे, निघतीलच. इकडे पाहुण्यांसाठी केलेलं जेवण वाट बघून बघून संचालक मंडळानेच उरकलं. आणि बाहेर उसाच्या बैलगाड्यांची रांग पार कालव्याला जाऊन टेकली. उन्हात ऊस वाळत होता, गाडीवान धुराड्याकडे बघून शिव्या देत होते. त्या रांगेत चेअरमनच्या अकरा गाड्या नसत्या, तर संध्याकाळपर्यंत कुणालाच घाई झाली नसती.

साडेतीनला चेअरमनचा फोन आला. साहेब पळत बॉयलरवर आले. "पेटव! ताबडतोब!"

"सायेब, चिपाड वलं हाय, भट्टी गार हाय. असला काळा धूर निघंल की बघायला नगं. अन् वसाहतीत बायांनी वाळवान घातलंया. अर्धा घंटा द्या."

"कुरडयांसाठी कारखाना थांबवू? नोकरी करायचीय ना?"

सहादेवाच्या डोळ्यांपुढे चार पायल्या गहू आला. निदान बायकांना इशारा तरी द्यावा म्हणून त्याने भोंग्याच्या साखळीला हात घातला. साखळी ओढली. भोंगा मुका. भोंगा वाफेवर वाजतो आणि वाफ सकाळपासून बंद होती.

"शमशेर, सायकल काढ! पळ! बायांना सांग, गोळा करा म्हनावं!"

शमशेर भट्टीवरचा फायरमन. तो सुटला. सहादेवाने दात-ओठ खाऊन भट्टी पेटवली. ओल्या चिपाडाने पहिल्यांदा नुसती फुसफुस केली आणि मग धुराड्यातून असा धूर निघाला की कारखाना सुरू झाल्यापासून तसा कुणी पाहिला नव्हता. शमशेर वसाहतीत पोचला तेव्हा काजळी त्याच्या आधी पोचली होती. त्याच वेळी समितीची जीप फाटकातून आत शिरली.

"हा एवढा धूर?" अध्यक्षांनी रुमाल नाकाला लावून विचारलं.

"चाचणी चाललीय साहेब," मॅनेजर म्हणाले. "धूर मोजायचा तर आधी काढावा लागतो."

अध्यक्षांना पटलं. त्यांना चहाची तल्लफ आली होती आणि तल्लफ आलेल्या माणसाला काहीही पटतं.

सहादेव घरी धावला. लंकाबाई बाजेपाशी बसून होती. कडकडीत वाळलेल्या कुरडयांवर काळे ठिपके पसरले होते, फुंकले तर आणखीच चिकटत होते. ती त्याच्याकडे न बघता म्हणाली, "आठ महिनं पोरांच्या तोंडाला चपाती लावली न्हाई मी." सहादेवाला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आग त्याच्याच हाताने लावली होती.

इतक्यात खुद्द मॅनेजर घाईघाईने आले. "सहादेव, गेस्टहाऊसमध्ये चहाबरोबर द्यायला काही उरलेलं नाही. तुमच्याकडे कुरडया आहेत म्हणे. तळून पाठवा."

"समितीच्याच लोकांस्नी ना?" लंकाबाईने विचारलं आणि पदराने डोळे पुसले.

तिने त्याच कुरडया तळल्या आणि परात घेऊन स्वतः गेली. अध्यक्षांनी एक तोंडात टाकली, दुसरी टाकली. "वा! आणि हे काळं काय? मिरी?"

"इथलंच हाय, सायेब," लंकाबाई म्हणाली. "आमच्या कारखान्यात तयार हुतं. रोज घराघरात पोचतं, फुकट."

मॅनेजरांनी परात घाईघाईने आपल्याकडे ओढली. तिच्यामागून आलेला सहादेव दाराशी उभा होता. अध्यक्ष मात्र मोठ्याने हसले. "कामगारांना मसालाही पुरवता? छान! आमच्या मंडळींसाठी बांधून द्या बुवा सगळ्या."

"द्येते की. पन त्या लेकीच्या रुखवताच्या हायेत. मॅनेजरसायेबांनी चार पायल्या गहू अन् नव्या घालाया उद्या नेवाशाला म्हायेरापत्तर जीप दिली तर द्येईन. बाकीच्या घरांच्या बी लई हायेत, त्यांस्नी बी तसाच गहू. न्हाईतर मग मिरी कशी पडती त्ये सांगत बसते."

"देऊ, देऊ! दोन्ही देऊ!" साहेब इतक्या जलद म्हणाले की अध्यक्षांना त्यांच्या उदारपणाचं कौतुक वाटलं.

संध्याकाळी समितीच्या जीपमध्ये साठ घरांच्या कुरडया चढल्या. मग अहवाल पुढे आला. तो साहेबांच्या कारकुनाने सोमवारीच टाइप करून ठेवला होता, कारण पाहुण्यांना लिहिण्याचा त्रास द्यायची कारखान्यात पद्धत नव्हती. धूर नगण्य, सांडपाणी निर्मळ, कामगार समाधानी. अध्यक्षांनी न वाचता सही केली आणि बॉयलर फोरमनची सही हवी म्हणून कागद सहादेवापुढे सरकवला.

सहादेवाने वाचायला घेतला. ओळीओळीला त्याची मान खाली जात होती. शेवटच्या रकान्यात लिहिलं होतं, 'वाया गेलेला माल : काही नाही.' त्याने दारातून बाहेर पाहिलं. लंकाबाई रिकामी परात काखोटीला मारून, साहेबांच्या ड्रायव्हरला उद्या किती वाजता यायचं ते बजावत होती.

अख्ख्या अहवालात खरी होती ती तेवढीच; सहादेवाने त्या एका ओळीसमोर बोट ठेवलं आणि खाली ठसठशीत सही केली.