विहीणबाईंचं रेशमी पातळ

लग्न चार दिवसांवर आलं आणि शेजारच्या दामूने पुंडलिकच्या डोक्यात किडा सोडला. "हल्ली बोईसरच्या बाजारात नायलॉन रेशीम म्हणून खपवतात. विहीणबाईचं पातळ तपासलं का नाय?"

झालं! पुंडलिक जेवणावरून तसाच उठला. त्याच्या लेकीला, नलूला असं घर मिळालं होतं, की अख्ख्या माहीम गावाला हेवा वाटावा. विहिणीला नकली पातळ दिलं, तर पोरीने जन्मभर टोमणे ऐकायचे. पण धागा ओळखायला त्याला कुणाची गरज नव्हती. बावीस वर्षं मासेमारीच्या जाळ्यांतच गेली होती. त्याने मोतिया पातळाच्या पदराच्या टोकाचा धागा ओढला आणि काडी लावली. रेशीम असतं तर जळक्या केसांचा वास आला असता. हा मेला वितळला आणि टोकाला टणक मणी जमला.

"नायलॉन! फसवलं मला!"

बायको जमना "अवो, ऐका तरी" करत मागून धावली, पण हा ऐकतोय कसला! पातळ काखोटीला मारून तो बोईसरला पोचला आणि दुकानाच्या पायरीवरूनच त्याने तोंड सोडलं. "माजी विहीण नायलॉन नेसणार नाय! होडी विकीन, पण अस्सलच नेसवीन!" ही गर्दी जमली.

दुकानदार पंढरीशेठ रागावले नाहीत. त्यांनी पातळाच्या मधला धागा ओढून जाळला. दुकानभर जळक्या केसांचा वास सुटला, राख चिमटीत भुरभुर झाली. "अस्सल रेशीम. पदराची शिवण कुणी घातली?"

"मी," जमना पुटपुटली. "दोरा संपला होता. जाळ्याच्या नायलॉनचा पीळ सोडला नि त्यानेच शिवलं, म्हटलं टिकेल तरी."

पुंडलिकची पुरती जिरली. त्याने हात जोडले. "शेठ, चारचौघांत तुमची अब्रू काढली. माफी करा."

"पोरीच्या काळजीने आलात, त्यात माफी कसली?" म्हणत शेठने चहा मागवला. त्या माणसाचे उपकार कसे फेडावेत, पुंडलिकला कळेना. त्याचे डोळेच भरून आले.

तेवढ्यात बाजारात बांगड्या भरायला आलेल्या नर्मदाबाई गर्दीतून पुढे झाल्या. नलूची होणारी सासूच! जमनाने घाईघाईने पदराचं टोक धरलं. "विहीणबाई, आताच उसवते हो ती शिवण."

"हात लावाल तर बघा! माझ्यासाठी होडी विकायला निगालेलं घर हाय हे. देवानेच गाठ घातली म्हणायची." मग त्या शेठच्या कानाशी वाकल्या. पण कुजबुजणं त्यांच्या आवाजाला कधी जमलंच नव्हतं, साऱ्या दुकानाने ऐकलं.

"शेठ, सुनेसाठी नेलेलं ते नायलॉनचं परत घ्या. रेशमातलं दाखवा."