आडूंची दाढी

बायकोच्या पोटात दोन घास जावेत म्हणून आपणच काहीतरी गोडधोड रांधावं, असं पनवेलच्या तुळशीराम मढवीने त्या वर्षीच्या ज्येष्ठात ठरवलं. वास्तविक तो भाताच्या गिरणीतला कारकून. स्वयंपाकघरातली त्याची मजल चहापर्यंत (आणि त्याच्या हातचा चहा पाहुणे एकदाच पीत).

पण वेळच तशी आली होती. एकुलती एक लेक मालू, उरणला दिलेली, सातवा संपून माहेरी बाळंतपणाला यायची होती. चैत्रात दोन दिवसांच्या तापाने ती सासरीच गेली. तेव्हापासून त्याची बायको सत्यवती भिंतीकडे तोंड करून पडून असे. खानावळीतून दोघांचा डबा येई, तिचा बहुतेक तसाच परत जाई.

शेजारच्या महमूदचा मुंबईला फळांचा धंदा. शनिवारी तो एक टोपली घेऊन आला.

"वैनीसाठी आडू आणलेत."

"अळू कशाला आणलंस? आमच्या मोरीमागं अळवाचं रान माजलंय."

"अळू नाय, आडू. फळ हाय, थंड मुलखातलं."

"मग फदफदं करायचं नाही?"

महमूदने मुकाट्याने टोपलीवरचा कागद काढला. आत बाराएक फळं होती, पिवळी, एका अंगाने गुलाबी. "आमच्या हलीमानं गेल्या साली मुरांबा केलेला. चिरायचं, पाकात सोडायचं. येवढंच."

या 'येवढंच'वर तुळशीरामने भरवसा ठेवला.

रविवारी सकाळी त्याने माळ्यावरून एक कोरं पितळी पातेलं काढलं, त्यात साखर-पाणी घालून शेगडीवर चढवलं आणि फळं धुवायला घेतली. तेव्हा त्याच्या लक्षात आलं की या फळांना लव आहे. फडक्याने पुसली तरी जाईना. ही लव आजारी माणसाच्या घशात गेली तर? बराच विचार करून त्याने आपला दाढीचा वस्तरा आणला आणि मागच्या पायरीवर बसून तो आडूंची दाढी करू लागला.

पहिल्या चार फळांचा पार चेंदा झाला. पाचव्याला हात बसला. आठवं तर असं गुळगुळीत उतरलं की तसा त्याचा स्वतःचा गाल लग्नातही नव्हता. खूश होऊन त्याने ते तळहातावर धरलं. मऊ, गुलाबी, ऊन लागून किंचित कोमट. तान्ह्या पोराचा गाल असाच असतो. एव्हाना घरात एक असता. तुळशीराम ते फळ हातात घेऊन बसून राहिला. किती वेळ, ते त्याचं त्यालाच कळलं नाही.

"अहो, काय जळतंय?"

दोन महिन्यांत सत्यवतीने पहिल्यांदा काहीतरी विचारलं होतं. तो धावत आत गेला. घरभर धूर. ती शेगडीपाशी उभी होती, भिंतीला धरून. पाकाचा कोळसा झाला होता.

"तुम्ही कुठं होता?"

"दाढी करत होतो."

"कुणाची?"

"फळांची."

ती हसली नाही. पातेल्याकडे बघत म्हणाली, "हे कुठून काढलंत?"

"माळ्यावर होतं. कोरं दिसलं म्हणून..."

"मालूच्या बाळंतपणासाठी घेतलं होतं ते."

ते पातेलं बाजारातून त्यानेच तर डोक्यावरून आणलं होतं, भर उन्हात, भेटेल त्याला कारण सांगत.

"मी विसरलो गं," तो म्हणाला.

पातेलं निवल्यावर सत्यवती ते मोरीत घेऊन बसली आणि राख-चिंच लावून घासायला लागली. घासता घासता तिचे खांदे हलू लागले. उरणला तिच्या डोळ्यांतून टिपूस आलं नव्हतं. तुळशीराम तिच्यासमोर उकिडवा बसला, त्याने काथ्याचा एक तुकडा उचलला आणि दुसऱ्या बाजूने घासू लागला. कल्हई पार गेली होती. डाग निघायचा नाही, हे दोघांनाही दिसत होतं. तरी दोघं घासत राहिली.

मग तिने पदराने तोंड पुसलं. "फळं उरलीत का?"

"आठ. चार दाढी केलेली, चार तशीच."

तिने तशीच राहिलेली चार उकळत्या पाण्यात टाकून काढली. साल बोटाने सुटून आली. (तुळशीरामने वस्तरा गुपचूप पेटीत ठेवला.) दुपारी मुरांबा झाला. पोळीच्या घासाबरोबर एक फोड खाऊन ती म्हणाली, "मालूने सगळा संपवला असता."

"बरणीसकट," तो म्हणाला. सत्यवतीने दुसरा घास घेतला.

संध्याकाळी वाटी घेऊन ती शेजारी हलीमाकडे गेली. चैत्रानंतर प्रथमच तिने उंबरठा ओलांडला होता. तुळशीराम कुडाच्या अलीकडे कान देऊन उभा राहिला.

"वैनी, आज भाऊंनी शिजवलं म्हणतात, खरं काय?" हलीमा विचारत होती.

"खरंच. त्यांनीच शिजवलं."

तुळशीरामची छाती वीतभर फुगली.

"काय शिजवलं?"

"पातेलं," सत्यवती म्हणाली.