धबधब्याचे अनधिकृत स्थलांतर

धबधबा दरवर्षी थोडा मागे सरकतो, ही बाब पर्यटन खात्याच्या निदर्शनास आली ती प्रेक्षक सज्जा बांधून झाल्यावर. सज्ज्यातून आता नुसता ओला कडा दिसत होता. खुलाशासाठी खात्याच्या भूशास्त्रज्ञाला पाचारण करण्यात आलं.

त्याने साहेबांना सगळं नीट समजावलं. वरचा खडक कठीण, खालचा मऊ. पाणी मऊ खडक कोरत जातं, खाली पोकळी होते, आधार गेला की वरचा खडक कोसळतो आणि धबधबा मागे जातो. धबधबा जन्मतो तोही याच कोरण्यातून.

साहेबांनी विचारलं, "या मऊ खडकाला मंजुरी कोणी दिली?"

"साहेब, तो माणसाच्या आधीपासून आहे."

"म्हणजे आपल्या कार्यकाळातला नाही," साहेबांना हायसं वाटलं. "तरी निस्तरायचं आपणच."

पोकळीत काँक्रीट भरलं गेलं. पाण्याने पुन्हा आगळीक करू नये म्हणून कड्याला गुळगुळीत उतार देण्यात आला. धबधबा जागचा हलेनासा झाला, कारण पाणी आता पडतच नव्हतं. मुकाट्याने घसरत होतं.

भूशास्त्रज्ञाची आई खालच्या वस्तीत राहायची. तुषार थांबल्यापासून अंगणातला गारवा गेला, हे तिने सोसलं. पण एक दिवस ती म्हणाली, "झोप लागत नाही रे. जन्मभर तो आवाज ऐकत झोपले."

साऱ्या वस्तीची हीच तक्रार होती. भूशास्त्रज्ञाने ती साहेबांच्या कानावर घातली. साहेबांनी तत्परतेने कड्यावर कर्णे बसवले आणि त्यातून धबधब्याचा आवाज सोडला. झोपेचं काय, असं मुलाने विचारल्यावर आई म्हणाली, लागते, पण मध्येच त्याच कर्ण्यातून कुणीतरी गाडी काढायला सांगतं.

आता पर्यटक कुरकुरू लागले, की ऐकू येतं पण दिसत नाही. तक्रार रास्त होती. सज्ज्यासमोर धबधब्याचं चित्र छापलेला भलामोठा पडदा टांगण्यात आला. गर्दी दुप्पट झाली. शिवाय कुणी भिजत नव्हतं.

भूशास्त्रज्ञाला राहवेना. तो सज्ज्यात गेला आणि पडद्याकडे पाठ करून उभ्या असलेल्या एका कुटुंबाला म्हणाला, "अहो, हा धबधबा नाही. पडदा आहे."

"माहीत आहे हो," कुटुंबप्रमुख हसू न मोडता म्हणाले. "जरा सरका, फोटोत येताय."

तो सरकला. तरी पुरेसा सरकला नसावा. तुमच्या सज्ज्यातल्या फोटोत उजव्या कडेला कुणाचा तरी खांदा आलाय बघा, तो त्याचाच.