कुमुदबाईंच्या क्रेन

आमच्या आळीत शोकेस आली ती टीव्हीच्या आधी. शोकेस म्हणजे काचेचं कपाट, आणि त्यात काय ठेवायचं हे जणू सरकारने ठरवून दिलेलं होतं. वरच्या फळीवर ताजमहाल, खाली मान हलवणारा म्हातारा, प्लास्टिकची द्राक्षं, सेंटची रिकामी परदेशी बाटली आणि कोपऱ्यात मुंबईच्या जावयाने दिलेली बाहुली, तिच्या पिशवीसकट. याला शोभा म्हणायचं की नाही हा वेगळा प्रश्न, पण निदान समजतं तरी. कुमुदबाईंच्या शोकेसमध्ये यातलं काही नव्हतं. त्यांच्या शोकेसमध्ये क्रेन होत्या.

हो, क्रेन. गोदीत जहाजावरचा माल उचलते ती. पिवळी क्रेन, लाल क्रेन, चाकांवरची क्रेन, एक नुसता खांबच असलेली क्रेन. सगळ्या खेळण्यातल्या, पण खेळायच्या नव्हेत. हात लावलात तर बाई तुमच्याकडे अशा बघत की चौथीत असल्यासारखे तुम्ही कान धरून उभे राहाल. आणि या बाईंनी खरी क्रेन उभ्या जन्मात पाहिली नव्हती. मालवणच्या धक्क्यावर माल उचलायला माणसं असत, आणि मुंबईला बाई गेल्या होत्या त्या एकदाच, दाताच्या डॉक्टरकडे.

कुमुदबाई मराठी शाळेच्या मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. लग्न केलं नव्हतं. चौथीचा वर्ग कायम त्यांच्याकडे, त्यामुळे आमच्या भागातला जो कोणी पुढे बोटीवर, आखातात नाहीतर मुंबईत गेला, तो त्यांच्या हातची छडी खाऊनच गेला. मीही खाल्ली. फरक इतकाच की मी कुठे गेलो नाही. पोस्टात चिकटलो आणि बाईंच्या शेजारच्याच घरात राहिलो.

बाईंची दुसरी तऱ्हा त्यांच्या बोलण्याची. एरवी त्या आमच्यासारख्याच मालवणी बोलत. रागावल्या की शुद्ध मराठीत येत. आळीला म्हणूनच शुद्ध मराठीची धास्ती होती. मासे घेऊन येणाऱ्या पारूला त्या आधी विचारत, ‘‘पारू, बांगडे ताजे आसत मां गो?’’ आणि पाटी बघून झाली की म्हणत, ‘‘हे बांगडे कालचे आहेत. आपण ते उचलावेत आणि निघावे.’’ पारू पुढच्या घरी जाऊन पाणी मागायची.

तर क्रेन. बाहेरगावचा प्रत्येक विद्यार्थी जाताना बाईंच्या पाया पडायला येई आणि रिवाज म्हणून विचारी, ‘‘बाई, येताना काय हाडू?’’ इतर म्हातारी माणसं अशा वेळी साबण सांगतात, नेलकटर सांगतात, फार झालं तर टॉर्च सांगतात. बाई म्हणत, ‘‘क्रेन हाड. मोठी बघून हाड.’’

मोठी. माझा संताप होई तो इथे. तो पोरगा बोटीच्या खोलीत सहा जणांबरोबर झोपणार, त्याच्या ट्रंकेत स्वतःच्या बायकोच्या साडीला जागा नाही, आणि त्याने क्रेनचं खोकं सांभाळायचं. ते मुंबईला उतरवायचं, एस्टीच्या टपावर चढवायचं, कणकवलीला गाडी बदलताना कंडक्टरशी लगेजवरून भांडायचं, आणि रात्रभर जागून हाडं मोडून घेतलेल्या माणसाने घरी जायच्या आधी बाईंकडे यायचं. मी एकदा तोंडावर बोललोसुद्धा. ‘‘बाई, लहानशी मागा की. खिशात मावेलशी.’’

‘‘तुका काय कळता?’’ बाई म्हणाल्या. मला काय कळतं हा त्यांचा कायमचा प्रश्न होता.

याची सुरुवात दिगूने केली. दिगू बोटीवर खलाशी. कुठल्याशा बंदरात त्याला पत्र्याची एक क्रेन दिसली, ती त्याने बाईंसाठी आणली, आणि तळेऱ्यापासून पुढच्या रस्त्याच्या खड्ड्यांत तिचा खुळखुळा झाला. खोकं उघडलं तर आत सुटे तुकडे. बिचारा शरमला. सबंध दिवस बाईंच्या ओटीवर बसून त्याने ती जोडली, दोन वेळा तिथेच जेवला आणि काळोख पडल्यावर आपल्या घरी गेला. तेव्हापासून बाईंना क्रेनचं वेड लागलं. आळीत लोकांनी तर्क केले. बाईंच्या तरुणपणी गोदीतला कोणी ड्रायव्हर होता म्हणे. मी तेव्हाही सांगितलं होतं की बाईंच्या तरुणपणात फक्त पाढे होते.

वेड म्हणावं तर त्याला काही रीत असते. एका वर्षी मस्कतच्या एका विद्यार्थ्याला सुट्टी मिळाली नाही. त्याने क्रेन पार्सलने पाठवली. मी स्वतः ते पार्सल सायकलच्या कॅरिअरला बांधून बाईंच्या दारात नेलं. बाईंनी विचारलं, ‘‘तो इलो नाय?’’

‘‘नाय. पार्सल इला.’’

‘‘हे पार्सल मला स्वीकारता येणार नाही,’’ बाई म्हणाल्या. मी पोस्टातला माणूस. समुद्रापलीकडून आलेलं, सगळे शिक्के बरोबर असलेलं पार्सल माझ्या हाताने ‘घेण्यास नकार’ लिहून परत पाठवावं लागलं. मला दोन दिवस जेवण गोड लागलं नाही.

शिवाय त्या क्रेन टिकत नसत. हे मी पुराव्याने सांगतो. कधीही कोणी विद्यार्थी आला की एखादीचा हूक तरी निसटलेला असे, नाहीतर दोरा तरी सुटलेला. ‘‘बघ रे वायच, काय झाला तिका,’’ बाई म्हणत, आणि तो बिचारा पँट सावरून खाली बसे. मी कुंपणावरून बोलत असे, ‘‘परदेशी माल! वरून चकचकीत, आत सगळा भुसा. आपल्या सुताराने केली असती तर नातवंडांपर्यंत पोचली असती.’’ बाई ऐकून न ऐकल्यासारखं करत.

त्या वर्षी मात्र कहर झाला. शोकेसमध्ये एकच फळी रिकामी राहिली होती, सगळ्यांत खालची, उंच. आणि चतुर्थीला घरी येणाऱ्या दोघांनी आधीच छापील चित्रं पाठवून विचारलं की बाई, ही आणू का. एक दिगू. दुसरा वसंत, तो आखातात बांधकामाच्या कंपनीत साहेब झाला होता. वसंताची क्रेन उंच, पिवळीधम्मक, तयार. खोक्यातून काढायची, बटण दाबायचं, ती गरगर फिरते, टोकाला लाल दिवा लागतो. दिगूची करड्या रंगाची, बंदरावरची, चार पायांची. आणि तीही अख्खी नव्हेच. चपट्या खोक्यात पाचशे तुकडे, मूठभर स्क्रू आणि दोऱ्याचं रीळ.

आता यात निवड करण्यासारखं काय होतं? पण बाईंनी दोन्ही चित्रं ओटीवरच्या भिंतीला लावली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारायला सुरुवात केली. सगळ्यांनी वसंताच्या क्रेनवर बोट ठेवलं. पारूने पाटी खाली ठेवून ठेवलं. वाण्याने ठेवलं. बाई प्रत्येकाला एकच विचारत, ‘‘पण जोडूक वेळ किती लागतलो?’’

‘‘हिका जोडूक लागणाच नाय, बाई.’’

‘‘हां,’’ बाई म्हणत आणि तोंड कडू करत.

मी म्हटलं, पुरे झालं. देवाला कौल लावा. आमच्याकडे विहीर खणण्यापासून सून आणण्यापर्यंत सगळं देवाला विचारतात, क्रेननेच काय पाप केलंय. बाई तयार झाल्या. देवळात गुरवाने मूर्तीला पाकळ्या लावल्या आणि गाऱ्हाणं घातलं.

‘‘बा देवा म्हाराजा, ह्या तुजा लेकरू कुमुदबाई आज तुज्या पायाकडे इला हा. तेच्या मनात दोन... दोन...’’ गुरव अडला.

‘‘क्रेन,’’ बाई म्हणाल्या.

‘‘...दोन क्रेन आसत म्हाराजा. त्यातली वसंताची उंच क्रेन घेवची आसात तर उजवो कौल दी, म्हाराजा.’’

‘‘व्हय म्हाराजा,’’ बाईंबरोबर आलेले आम्ही चौघे म्हणालो.

पाकळी पडली. उजवीच पडली. मला इतका आनंद झाला की मी घंटा वाजवली. बाई मात्र देवाकडे चष्म्यातून बघत उभ्या होत्या. मग म्हणाल्या, ‘‘हा निर्णय पुरेशी माहिती न घेता झालेला आहे.’’

गुरवाच्या हातातलं ताम्हन कलंडलं. त्याने आयुष्यात देवाशी कोणी शुद्ध मराठीत बोललेलं ऐकलं नव्हतं. येताना वाटेत मी बाईंना बरंच सुनावलं. देवाचा कौल फिरवतात का? बाई ऐकत चालल्या होत्या. शेवटी इतकंच म्हणाल्या, ‘‘देवाचा काय जाता रे? तेच्याकडे सकाळपासून माणसां येतत.’’

दुसऱ्या दिवशी त्यांनी दिगूला कळवलं, तुझी आण. वसंताला कळवलं, तुझी नको, हात हलवत ये. एवढी सुंदर, दिवा लागणारी क्रेन! मी बाईंशी बोलणं सोडलं. त्यांच्या ते लक्षात आलं नाही.

चतुर्थीला दिगू आला आणि सगळी सुट्टी ओटीवर गेली त्याची. गणपती त्याच्या घरी, आरतीला तो इथे. बाई चष्मा लावून स्क्रू शोधून देत, तो पिळे. बोटीवरच्या गोष्टी सांगे, बाई मधेच त्याचं व्याकरण दुरुस्त करत. मी कुंपणापलीकडे पेपर वाचत असे, म्हणजे धरून बसत असे. अखेर क्रेन उभी राहिली. दिगूने प्रत्येक स्क्रू जीव खाऊन आवळला आणि म्हणाला, ‘‘बाई, आता भूकंप झालो तरी ही हलाची नाय.’’

बाईंचा चेहरा पडला. मला दिसला तो. म्हटलं, काय ही कृतघ्न बाई. पोराने रक्ताचं पाणी केलं आणि हिला त्याचंही सुख नाही.

दिगू गेला त्याच्या दुसऱ्या दिवशी दुपारी वसंताच्या भावाने पोस्टात निरोप दिला: वसंत उद्या गाडीने गोव्याला जाताना पाच मिनिटं बाईंना भेटून जाईल. अबोला असला तरी निरोप पोचवणं हे माझं काम. मी बाईंच्या घरात शिरलो. बाई जमिनीवर बसल्या होत्या. दिगूची क्रेन मांडीवर आडवी, हातात भाजी चिरायच्या सुरीचं टोक, आणि जीभ दातांत धरून त्या एका स्क्रूशी झगडत होत्या.

‘‘बाई, ह्या काय करतास?’’

त्यांनी लपवलं नाही. वर बघितलं आणि वैतागून म्हणाल्या, ‘‘निघणा नाय रे. दिगून मेल्यान काय आवळल्यान हा बघ.’’

‘‘पण कित्याक?’’

‘‘उद्या वसंत येतलो मां?’’ म्हणजे त्यांना माझ्याआधीच कळलं होतं. ‘‘गेल्या वर्षी इलो, तयार क्रेन टेबलार ठेवल्यान, उब्यान च्या पिलो आणि गेलो. बारकी वस्तू कोणाच्याय हातीन धाडतत, दत्ता. तयार वस्तू ठेवन जातत. मोठी, मोडकी आसली की माणूस वायच बसता.’’

इतक्या वर्षांचे निसटलेले हूक आणि सुटलेले दोरे एका ओळीत माझ्यासमोर येऊन उभे राहिले, आणि कुंपणावरून मी झाडलेली भाषणंही. मला खरंच राग आला. बाईंचा नव्हे. दार उघडं टाकून उभ्या उभ्या चहा पिणाऱ्या सगळ्या जगाचा आला.

‘‘बघतस काय? बस,’’ बाई म्हणाल्या. ‘‘माज्या हातात जोर नाय.’’

मी घरी जाऊन रेडिओचा स्क्रू ड्रायव्हर आणला. खाली बसलो. विचारलं, ‘‘कितपत सैल करू?’’

बाईंनी विचार केला. ‘‘तेका संशय येवक नको. पण पटकन बसाकय नको.’’

दुसऱ्या दिवशी गाडी आली. बूट बाहेर काढून वसंत ओटीवर उभा राहिला, घड्याळ बघितलं, म्हणाला, ‘‘बाई, पाचच मिनिटं हं.’’ बाई म्हणाल्या, ‘‘व्हय रे, माका म्हायत आसा. जाता जाता ह्या वायच बघ.’’ पाऊण तासाने मी डोकावलो तेव्हा साहेबांच्या टायचं टोक शर्टाच्या खिशात खोचलेलं होतं, पँटच्या इस्त्रीची वाट लागली होती, आणि तो मांडी घालून क्रेनच्या चार पायांत डोकं घालून बसला होता. शेजारी बाई स्क्रूची वाटी धरून.

‘‘दत्ता,’’ तो मला बघून म्हणाला, ‘‘दिगू परवा जोडून गेलो, आणि इतके स्क्रू आपसूक ढिले कसे झाले?’’

बाई वाटीतले स्क्रू मोजायला लागल्या.

‘‘परदेशी माल!’’ मी ओरडलोच. ‘‘मी सांगून दमलो. वरून चकचकीत, आत सगळा भुसा! लुटतात मेले आपल्याला. आमच्या सुताराने केली असती तर...’’ आणि इतका तावातावाने बोललो की माझाच माझ्यावर विश्वास बसला.

बाई उठल्या. आत चहा ठेवायला जाता जाता दारात थांबल्या आणि आमच्याकडे पाठ करूनच म्हणाल्या, ‘‘दत्तात्रेय, परदेशी मालाविषयीचे तुमचे मत अगदी योग्य आहे. चहा तीन कप ठेवते आहे. आपणही बसावे.’’

शुद्ध मराठी होती, पण आवाज रागाचा नव्हता. मी बसलो. बाहेर ड्रायव्हरने हॉर्न दिला. वसंताने वर पाहिलं नाही. तो हुकात दोरा ओवत होता.