निमदरे रोडचा एकमेव पास

निमदरे रोड स्थानकावर गाडी थांबणे बंद झाले आणि स्थानकाची भरभराट सुरू झाली. तोवर तिथे एक बाक, एक तिकीट खिडकी, एक चिंचेचे झाड आणि सकाळ-संध्याकाळ थांबणारी नाशिकची पॅसेंजर एवढेच होते. प्रवासी डबा भरून चढत. तिकीट विक्री मात्र शून्य. आमच्या गावात तिकीट काढणे हे परकेपणाचे लक्षण मानतात. रूळ आमच्या जमिनीतून गेले, त्या अर्थी गाडी घरचीच. आणि घरच्या बैलगाडीत बसताना कोणी पैसे मोजत नाही.

रेल्वेला हा आपलेपणा कळला नाही. 'प्रवासी उपलब्ध नसल्याने थांबा रद्द' अशी सूचना लागली. ती आम्ही सर्वांनी फलाटावर दाटीवाटीने उभे राहून वाचली.

फटका बसला तो उज्वलाला. उज्वला माझी सून, नाशिकच्या एका दवाखान्यात नर्स. सकाळच्या पाळीला वेळेवर पोचवणारी तीच एक गाडी होती. माझा मुलगा रोहित तिला मोटारसायकलवर लासलगावच्या स्थानकापर्यंत सोडू लागला, पण कांद्याच्या ट्रॅक्टरांच्या रांगेत दोघे रोज अडकत. दवाखान्याने ताकीद दिली, असेच चालणार असेल तर दुसरीकडे बघा.

"आप्पा, थांब्यासाठी अर्ज करा," ती म्हणाली.

मी निवृत्त मुख्याध्यापक. अर्जात माझा हात कोणी धरणार नाही. सरपंच धनराज नानांना घेऊन मी रेल्वेच्या साहेबांकडे गेलो.

"तुमच्या गावात प्रवासीच नाहीत," साहेब म्हणाले.

"साहेब, डब्यात पाय ठेवायला जागा नसायची," नाना म्हणाले. "लय गर्दी."

"विक्री शून्य म्हणजे प्रवासी शून्य. पण इमारत जुनी आहे, छान आहे. वारसा योजनेत बसेल. संग्रहालय करा, निधी मिळेल."

नाना थांबा मागायला गेले आणि निधी घेऊन आले. परतताना मला म्हणाले, "गाडी काय, दोन मिन्टं थांबती अन् जाती. संग्रहालय कायमचं हाय."

समिती झाली. मी मानद सचिव. बाकाभोवती दोरी बांधून 'बसू नये' अशी पाटी लावली. घड्याळ पूर्वीपासून बंदच होते. ते मूळ अवस्थेत जतन केले. प्रवेश वीस रुपये ठेवला. नाशिकहून, पिंपळगावहून लोक मोटारी घेऊन येऊ लागले आणि ज्या खिडकीकडे कोणी ढुंकून पाहिले नव्हते, तिच्यापुढे फोटोसाठी रांग लागली.

अडचण एकच होती. 'निमदरे रोडचे तिकीट' असे नाव दिलेली काचपेटी रिकामी होती. गावात भोंग्यावरून आवाहन केले, पण एकाही घरात तिकीट निघाले नाही. निघाल्या त्या दंडाच्या पावत्या. लोकांनी त्या लग्नपत्रिकांच्या गठ्ठ्यात जपल्या होत्या. सुलाबाई आपल्या दिवंगत नवऱ्याची पावती घेऊन आल्या. "आमच्या मालकांना थेट मनमाडला धरलं व्हतं," त्या अभिमानाने म्हणाल्या. पावत्यांना आम्ही चौकटी केल्या आणि खाली देणगीदार कुटुंबांची नावे लिहिली.

उज्वलाने त्या चौकटींचे फोटो काढले आणि रजा टाकून एकटीच साहेबांकडे गेली. तिने विचारले, "प्रवासी नव्हते, तर दंड कोणाला केलात?"

साहेबांनी नियमांचे पुस्तक दोनदा चाळले. त्यांनी महिनाभर प्रायोगिक थांबा मंजूर केला. विक्री दिसली तर कायम, नाही तर रद्द.

गाडीला हार घातले, पेढे वाटले. तिकिटे द्यायला योगेश नावाचा कारकून आला. पण खिडकी आता संग्रहालयात होती, आणि संग्रहालयात जायला तिकीट होते. प्रवाशांना प्रवेश शुल्क माफ करावे, असा अर्ज मी गावाच्या वतीने समितीकडे केला. सचिव या नात्याने मीच तो फेटाळला. वारसा वस्तू वापरली की झिजते.

"आप्पा, मग खिडकीच बाहेर काढा," उज्वला म्हणाली.

"मूळ अवस्था बिघडेल," मी समजावले.

तिने वीस रुपये भरले, आत गेली आणि महिन्याचा पास काढला. गाव मात्र खवळले. तिकिटासाठी तिकीट काढणार नाही, असा ग्रामसभेत ठराव झाला. पूर्वी आम्ही नुसतेच विनातिकीट जात होतो, आता तत्त्वासाठी जाऊ लागलो. महिनाभर डब्यात शिरायला जागा नव्हती. मीही दातांच्या कामासाठी नाशिकला जात होतो, पण आमच्या घरातून एक पास निघालेलाच होता.

महिना संपला. अहवालात प्रवासी एक आला. थांबा रद्द झाला.

उज्वला आणि रोहितने नाशिकला खोली घेतली. टेम्पोत गाद्या चढत होत्या, तेवढ्यात नाना दारात आले. "सूनबाई, तो पास देऊन जा. काचपेटी रिकामी हाय."

तिने माझ्याकडे पाहिले.

"दे गं, गावाचं नाव राहील," मी म्हणालो.

तिने पास माझ्या हातावर ठेवला. "भेटायला या, आप्पा," ती म्हणाली. "पण तिकीट काढून या."

पास आता काचेत आहे. खालचे 'निमदरे रोडची एकमेव प्रवासी' हे अक्षर माझे. संध्याकाळी गाडी न थांबता जाते, तेव्हा घर खायला उठते. मग मी संग्रहालयात जाऊन पासासमोर उभा राहतो.

संग्रहालयाला गर्दी चांगली असते, तरी वारसा खात्याकडून विचारणा झाली आहे की प्रेक्षक उपलब्ध नसतील तर ते चालू का ठेवावे. प्रवेशाची विक्री म्हणे शून्यावर आली आहे. त्यांनाही आपलेपणा कळत नाही. तुम्ही मात्र अवश्य या. मागची भिंत पडली आहे, सगळे तिथूनच येतात. तुम्ही तर आपलीच माणसे. कोणी अडवलेच तर माझे नाव सांगा.