कुलूपबंद प्रोफेसर

मी टीव्ही मध्येच बंद केला. बस्स, एवढंच केलं. एखाद्या गृहस्थाने स्वतःच्या घरातला, स्वतः विकत घेतलेला टीव्ही स्वतःच्या हाताने बंद केला, तर त्यावरून कलकत्त्याच्या बेहाला भागातल्या आमच्या अख्ख्या इमारतीने आठवडाभर त्याच्याकडे गुन्हेगारासारखं बघावं?

बँकेने माझी कलकत्त्याला बदली केली आणि पाठोपाठ इथे टीव्ही सुरू झाला. इमारतीतला पहिला टीव्ही माझा. लाकडी कपाटात बसवलेला, पुढे सरकती दारं, दारांना कुलूप. संध्याकाळ झाली की खालचे घोषालबाबू सहकुटुंब येत, वरचं नवं जोडपं श्रीकांत-शैला येत, आणि शेजारच्या कालिंदीबाई येत. कालिंदीबाई जन्मापासून कलकत्त्यातल्या, मुलींच्या शाळेत शिकवतात. बंगालीत भांडतात आणि मराठीत समजूत काढतात. मी मालक म्हणून आरामखुर्चीत बसे (घराचा नव्हे, टीव्हीचा).

त्या दिवशी दोन भागांच्या एका बंगाली नाटकाचा पहिला भाग होता. पन्नाशीचा विधुर प्रोफेसर आणि त्याच्या वर्गातली विशीतली मुलगी. शेवटी प्रोफेसर गॅलरीत उभा राहून चष्मा पुसू लागला (नाटकातला प्रोफेसर चष्मा पुसू लागला की काहीतरी भयंकर घडणार, एवढं मला एव्हाना कळू लागलं होतं). तुझ्याशिवाय माझं जगणं व्यर्थ आहे, असं म्हणाला. मुलीने उत्तर द्यायला तोंड उघडलं आणि मी ताडकन उठून बटण पिळलं.

"एटा की होलो!" घोषालबाबू ओरडले.

"हे माझ्या घरात चालणार नाही! गुरू म्हणजे बापाच्या जागी!"

"अरे दादा, प्रेम उमर नहीं देखता," घोषालबाबू माझ्यासाठी हिंदीवर आले.

"उमर राहू दे बाजूला," कालिंदीबाई म्हणाल्या. "त्या मुलीचे मार्क याच्या हातात आहेत. ती 'नाही' कशी म्हणणार? आणि 'हो' म्हणाली, तरी ते खरं कसं धरायचं?"

हा मुद्दा मला इतका पटला की दुसऱ्या दिवशी सकाळी बसस्टॉपवर आणि दुपारी बँकेत मी तो स्वतःचा म्हणूनच मांडला. लोक काय काय बोलले म्हणून सांगू! एक जण म्हणाला, बिचारा एकटा आहे. एकटा असेल तर मांजर पाळावं! माझं डोकं असं तापलं की घरी आल्याबरोबर मी टीव्हीच्या कपाटाला कुलूप ठोकलं आणि किल्ली जानव्याला बांधली. दुसरा भाग आमच्या घरात दिसणार नव्हता.

"मला बघायचाय," माझी बायको वृंदा म्हणाली. "ती मुलगी काय म्हणणार होती ते ऐकायचंय."

"काय म्हणणार? 'हो' म्हणणार!"

"तुम्हाला काय ठाऊक? तुम्ही तिला बोलू कुठे दिलंत?"

त्यानंतर वृंदा माझ्याशी बोलायची थांबली. वरणात मीठ नाही, कोशिंबिरीत दुप्पट. पाणी हवं असलं तर मी भिंतीला सांगायचं आणि भिंतीच्या बाजूने तांब्या यायचा. पण मी मागे हटलो नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

दुसऱ्या भागाच्या संध्याकाळी सगळी मंडळी नेहमीसारखी आली आणि बंद कपाटासमोर ओळीने बसली! वृंदाने सगळ्यांना चहा दिला (मला नाही). माझ्या संतापाचा कडेलोट झाला. मी कपाटाला पाठ लावून उभा राहिलो आणि भाषण ठोकलं.

"शिकवणाऱ्याने शिकणारीकडे त्या नजरेने बघणं हाच मुळी अन्याय! अशा माणसाला..."

"पण काका," शैलाने अगदी निरागसपणे विचारलं, "तुम्हीही काकूंना शिकवायलाच जात होता ना? काकू सांगत होत्या."

कालिंदीबाईंनी हे वाक्य तत्परतेने बंगालीत सांगितलं. घोषालबाबूंच्या पत्नी खुर्ची पुढे ओढून बसल्या.

"ते वेगळं!" मी कडाडलो. "मी हिच्यापेक्षा सातच वर्षांनी मोठा. ही बी.ए.ला, मी बँकेत कारकून. हिचे वडील आमचे हेड कॅशियर. मुलीला इकॉनॉमिक्स जड जातं म्हणाले, म्हणून संध्याकाळी शिकवायला जायचो. पेपर तपासणार युनिव्हर्सिटी! माझ्या हातात मार्क होतेच कुठे?"

"नव्हतेच," वृंदा म्हणाली. आठवडाभरातलं तिचं हे पहिलं वाक्य. "मार्क आमच्याकडे होते."

तिचा आवाज ऐकून मला धोका कळला. अशा वेळी तत्त्वापेक्षा नाटक बरं! मी घाईघाईने जानवं ओढून किल्ली काढली, दारं सरकवली, बटण पिळलं. आणि अख्ख्या बेहालाचे दिवे गेले. लोडशेडिंग!

"तारपोर, बौदी?" अंधारातून घोषालबाबूंनी वृंदाला विचारलं. "फिर क्या हुआ?"

वृंदाने सावकाश कंदील लावला. "मला इकॉनॉमिक्स जड बिड काही नव्हतं. वर्गात पहिली यायची मी. बाबांनी यांना बँकेत हेरलं होतं. आमच्यात मुलगी बघायला येतात, तेव्हा कांदेपोहे करतात. बाबा म्हणाले, एका बैठकीत माणूस काय कळणार? आपण मुलगाच बघू, निवांत. म्हणून शिकवणी लावली."

माझ्या डोळ्यांसमोर पोह्यांच्या बश्या उभ्या राहिल्या. रोज संध्याकाळी पोहे! वर खोबरं, कोथिंबीर. मला वाटायचं, मास्तरांचा मान आहे. (मी दुसऱ्यांदाही मागून घेत असे.)

"पडद्याआड आई, बाबा आणि आत्या," वृंदा सांगत होती. "हे मागणी-पुरवठा समजावून गेले की आत जाऊन आम्ही मार्क द्यायचो. हे मला नको असते, तर दुसऱ्या दिवसापासून शिकवणी बंद."

कालिंदीबाई वाक्यागणिक बंगाली करत होत्या. घोषालबाबू हसता हसता खुर्चीवरून घसरले. "हे मात्र मला मान्य आहे," कालिंदीबाई डोळे पुसत म्हणाल्या. "'नाही' म्हणायची सोय मुलीकडे होती."

मी उरलीसुरली प्रतिष्ठा गोळा केली. "ते काही असो. मी पास झालो ना?"

"झालात की. शंभरात पस्तीस."

"पस्तीसच?"

"ग्रेस धरून."

दिवे आले तेव्हा नाटक संपून गेलं होतं. मुलगी काय म्हणाली ते कोणालाच कळलं नाही, पण त्याची हळहळही कोणाला वाटलेली दिसली नाही. मंडळी हसत आपापल्या घरी गेली. जिन्यातून पार खालपर्यंत "पोंयत्रिश, पोंयत्रिश" ऐकू येत होतं. घोषालबाबू बंगालीत माझे मार्क मोजत होते.

वृंदाने टीव्हीची दारं लावली, कुलूप घातलं आणि किल्ली स्वतःच्या कमरेला खोचली. मी जवळ जाऊन हळूच विचारलं, "ग्रेस कोणी दिले होते गं?"

"मी. बाबा नको म्हणत होते."

माझा ऊर भरून आला. बाई माझ्यासाठी बापाशी भांडली होती! "किती दिले होतेस?"

"पस्तीस."